खोकेकाकांचा सातवा नमुना

विनायक सबनीस माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते माझ्याकडे बघून नव्हे, माझ्या बॅगेकडे बघून. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून केमिस्ट्री शिकायला शिकागोला पोचले होते, प्रवासानं पार आंबले होते, आणि ओळखीच्या ओळखीतून ठरलेले हे गृहस्थ मला विमानतळावर घ्यायला आले होते. त्यांनी माझी बॅग अर्धा फूट उचलली, कानाजवळ नेऊन हलवली आणि गंभीरपणे विचारलं, "भार कुठे जातो?"

मी म्हटलं, "खाली."

"सगळ्यांना तसंच वाटतं," असं म्हणून त्यांनी तिथेच फरशीवर बसून माझी बॅग उघडली. आईनं दिलेली लोणच्याची बरणी बाहेर काढली, माझ्याच दोन परकरांत गुंडाळली, चारी बाजूंनी पुस्तकांचा आधार दिला आणि बॅग पुन्हा बंद केली. मला अमेरिका दिसण्याआधी माझे परकर अमेरिकेनं पाहिले. पण बरणीला तडा गेला नाही हेही खरं.

काका पॅकेजिंग इंजिनियर होते. म्हणजे खोक्यातली वस्तू फुटू नये याची काळजी करण्याचा त्यांना पगार मिळे. बल्ब, कपबशा, औषधाच्या बाटल्या, एकदा तर काचेचे डोळे, असं काय काय त्यांनी सुखरूप पोचवलं होतं. शिकागोतली मराठी मंडळी त्यांच्या माघारी त्यांना खोकेकाका म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि पदवी मिळाल्यासारखं त्यांनी ते मान्यही केलं होतं. भारतात जायच्या आदल्या रविवारी लोक आपल्या बॅगा घेऊन त्यांच्याकडे येत. मिक्सर, मुलांची खेळणी, सासूबाईंसाठी घेतलेली काचेची भांडी, सगळं काका असं बसवत की मुंबईच्या कस्टमवाल्यानं एकदा बॅग उघडली तर त्याला ती पुन्हा लावताच येईना.

मी त्यांच्याच घरात वरची खोली भाड्यानं घेतली. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं विटांचं दुमजली घर होतं. तिथे राहून माझ्या लक्षात आलं की "भार कुठे जातो?" हा प्रश्न ते बॅगेपुरता ठेवत नाहीत. फ्रिजमध्ये दूध कुठे ठेवायचं, खिळा कुठे ठोकायचा, झोपताना उशी कशी घ्यायची, सगळ्याचा निकाल त्या प्रश्नावर लागे. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला कागदी ताटल्या असत. त्यात श्रीखंड पडलं की ताटली वाकायची आणि पुरीचं तेल साडीवर यायचं. काका खिशात पुठ्ठ्याचा एक गोल तुकडा घेऊन येत आणि ताटलीखाली धरत. दुसऱ्याची ताटली वाकताना दिसली की बोलणं अर्धवट टाकून धावत. एकदा मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण चालू असताना ते असे धावले होते.

त्यांच्या बायको, शरयूकाकू, अगदी उलट. त्या प्रश्न विचारत नसत आणि त्यांना कोणी विचारला तर उत्तर ठरलेलं असे, "बरं आहे." भाजी कशी झालीय, बरं आहे. सांगलीहून आलेलं पत्र, बरं आहे. त्यांचा एकच हट्ट होता. दर शनिवारी सकाळी दोन चाकांची ढकलगाडी घेऊन त्या एकट्या डेव्हनवर जात आणि मनूभाईंच्या दुकानात भेंडी निवडत. एकेका भेंडीचं टोक मोडून बघत. मनूभाईंनी दुकानात पाटी लावली होती, भेंडी मोडू नये. ती काकूंसाठी नव्हती. काकूंना ते स्वतः आतली ताजी टोपली आणून देत.

मग काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. लहानपणी सांगलीत आलेल्या एका तापानं हृदयाची झडप खराब करून ठेवली होती, ती आता पन्नाशीनंतर अडून बसली. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. छातीचं मधलं हाड कापून नवी झडप बसवली. ती धातूची होती. खोलीत शांतता असली की तिची टिकटिक ऐकू यायची. काका पेपर वाचायच्या निमित्तानं काकूंजवळ बसत आणि पान उलटतच नसत.

घरी सोडताना नर्सनं सूचना दिल्या. जड उचलायचं नाही. हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. हात पाठीमागे न्यायचे नाहीत. खोकला आला तर छातीशी उशी धरायची. रोज चालायचं, काल चाललात त्यापेक्षा थोडं जास्त. आणि आतून चांगला आधार देणारी ब्रा घालायची, नाहीतर वजनानं टाके ओढले जातील. काकू अंगानं भरलेल्या होत्या, त्यामुळे हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं.

आता यातली मेख बघा. काकूंच्या सगळ्या ब्रांचे हूक पाठीमागे आणि हात पाठीमागे न्यायचे नाहीत. दुसऱ्या कोणी हूक लावून दिले तर खालचं इलॅस्टिक नेमकं जखमेच्या टोकावर. काहींत तर तार. आपल्या ब्लाउजला हूक पुढे असतात म्हणून मला वाटलं होतं तो तरी चालेल, पण त्याची हुकांची पट्टी आणि डॉक्टरांनी मारलेली रेघ एकाच जागी. मंगळसूत्राच्या वाट्याही तिथेच येऊन टेकत. पहिल्याच दिवशी काकांनी मंगळसूत्र घेतलं, पोत नव्यानं ओवली आणि ते गळ्याच्या खळगीपाशी थांबेल इतकं आखूड केलं. तो एक प्रश्न अर्ध्या तासात सुटला. बाकीचे राहिले.

काकू गाऊनमध्ये राहू लागल्या. आणि गाऊनमध्ये, आतून काही न घालता, त्या घराच्या पायरीवर टपाल घ्यायलाही जायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, काकू, वर माझा कोट घाला, इथे कोण बघतंय. त्या म्हणाल्या, "मला कळतंय ना." पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं होती. तेवढंच त्यांचं चालणं. तीन आठवडे गेले. जेवण कमी झालं. मी डेव्हनवरून भेंडी आणली तर त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकही टोक न मोडता बाजूला ठेवली. डॉक्टरांनी काकांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की या अशाच पडून राहिल्या तर छातीत कफ साठेल, निमोनिया होईल, आणि नव्या झडपेचा काही उपयोग होणार नाही.

त्यांची मुलगी अंजू दुसऱ्या राज्यात कॉलेजला होती. तिनं फोनवर वैतागून सांगितलं, "डॅड, जस्ट बाय हर अ स्पोर्ट्स ब्रा." काकांनी घाईघाईनं फोनवर हात ठेवला. मग हळूच विचारलं की ते घालतात कसं. डोक्यावरून ओढून, असं उत्तर आलं. "हात वर न्यायचे नाहीत," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. मी राहायला आल्यापासून ते एकदाही वर आले नव्हते. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "मेधा, तुझ्याशी एका युनिटबद्दल बोलायचं होतं."

कुठलं युनिट हे कळायला मला दहा मिनिटं लागली. ज्या माणसानं विमानतळावर माझे परकर उलगडले होते त्याला हा एक शब्द तोंडातून काढता येत नव्हता. परकर तेव्हा पॅकिंगचं सामान होतं, हे त्यांच्या बायकोचं होतं, असा काहीतरी फरक त्यांच्या मनात असावा. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही.

शनिवारी आम्ही दोघं एका मोठ्या स्टोअरमध्ये गेलो. मी पुढे, काका दहा पावलं मागे. हातात आलेखाच्या कागदांची वही, खिशात मोजपट्टी. त्या विभागात पोचल्यावर काकांनी नजर वर छताला लावली आणि तशीच ठेवली. गळ्यात साखळीचा चष्मा अडकवलेली, साठीची एक विक्रेती आली. मी तिला ऑपरेशनचं सांगायला सुरुवात केली तोच काका छताकडे बघत इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, इन धिस युनिट, व्हेअर डझ द लोड गो?"

मला भूमातेनं पोटात घ्यावं असं झालं. पण बाई शांतपणे म्हणाली, "हनी, मोस्टली टू द शोल्डर्स. अँड इट शुडन्ट."

काकांची नजर खाली आली. त्यांच्या प्रश्नाला कोणी सरळ उत्तर द्यायची ही पहिलीच वेळ होती. पुढचा अर्धा तास ती बोलत होती आणि काका लिहून घेत होते. तिच्या बहिणीचंही असंच ऑपरेशन झालं होतं. तिनं सांगितलं, तार नको. सुती कापड घ्या. पट्टे रुंद हवेत. बंद पुढून हवा. सूज असते म्हणून नेहमीपेक्षा एक माप मोठं घ्या, आणि शिवणीची बाजू जखमेवर येऊ देऊ नका. निघताना काकांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. ते बॉसशीही एवढं मनापासून करत नसत.

आणलेलं युनिट नमुना क्रमांक एक. पुढून बंद होणारं होतं, पण तो बंद म्हणजे रुपयाएवढी प्लास्टिकची कडी, ती बरोबर जखमेवर. काकूंनी ते अकरा मिनिटं घातलं, बरं आहे म्हणाल्या आणि काढून ठेवलं.

मग काका तळघरात उतरले. तिथे कपडे धुण्याच्या मशीनशेजारी त्यांनी एक शिलाई मशीन आणून ठेवलं. रविवारी दुपारी मी पुस्तक उघडलं की खालून त्याचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा आणि काका स्वतःशीच काहीतरी म्हणायचे. प्रत्येक नमुन्याचं आलेखावर चित्र असे. वर शीर्षक, "युनिट, छातीचे, एक नग." क्रमांक दोनमध्ये बंद बाजूला नेला, पण पट्टे खांद्यात रुतले. क्रमांक तीनमध्ये फॅक्टरीतला फोम आला. बल्बसाठी तो उत्तम होता, पण काकूंना संध्याकाळपर्यंत घामोळं उठलं. काकू त्यालाही बरं आहे म्हणाल्या होत्या.

याच सुमारास घरातली तूरडाळ नाहीशी झाली. मी कपडे धुवायला खाली गेले तेव्हा सापडली. हँगरला नमुना टांगला होता आणि त्यात दोन्हीकडे डाळीच्या पिशव्या. खाली स्प्रिंगचा वजनकाटा. काका म्हणाले, टेस्टिंग. मी विचारलं, आमटीला अर्धी वाटी मिळेल का. त्यांनी दोन्ही पिशव्यांतून सारखी सारखी डाळ काढून दिली, म्हणजे तोल जायला नको.

क्रमांक चारनं घात केला. त्याला हूक नव्हते, कडी नव्हती, मुलांच्या बुटांना असते तशी दाबली की चिकटणारी आणि ओढली की चरचरत सुटणारी पट्टी होती. काका खुशीत होते, कारण ती एका हातानं लावता येत होती. काकूही गाऊनवर शाल घेऊन दिवाणखान्यात येऊन बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याच दुपारी पाध्येवहिनी भेटायला आल्या. पाध्येवहिनी म्हणजे शिकागोतलं मराठी वर्तमानपत्र, सकाळची घडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नव्वद मैलांवरच्या मिलवॉकीला पोचवणाऱ्या. काकूंना खोकला आला. त्यांनी उशी धरायच्या आत शालीखालून चर्र असा लांबलचक आवाज झाला.

पाध्येवहिनी म्हणाल्या, "अगंबाई, काय फाटलं?"

वहिनी चहा न घेता गेल्या, आणि त्या गेल्यावर काकू रडल्या. रडतानाही उशी छातीशी धरावी लागत होती. त्यानंतर पाच आणि सहा क्रमांक झाले, पण काकूंनी हातात घेतले नाहीत. ते पलंगाच्या पायथ्याशी घडी करून पडून राहिले. काकूंची अकरा पावलंही थांबली.

त्यांचे हात वर जात नसल्यामुळे रोज सकाळी मी त्यांची वेणी घालत असे. एका सकाळी मी भांग पाडत असताना त्या आपणहून बोलल्या. "सांगलीला माझी मोठी मावशी होती. उभ्या जन्मात हात पाठीमागे नेला नाही बघ तिनं. गाठीची चोळी. पुढे दोन टोकं घ्यायची, गाठ मारायची, की झालं. आम्ही हसायचो तिला."

दारात कपबशी वाजली. काका चहा घेऊन उभे होते.

"हूक नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"इलॅस्टिक?"

"तेव्हा कुठलं आलंय?"

"मग भार कुठे जातो?"

काकूंनी जरा विचार केला. "पाठीवर. चोळीची पाठ अंगाबरोबर बेतलेली असते. ती सगळं धरते, गाठ नुसती तिला आवळते."

काका चहासकट पलंगावर बसले. इतकी वर्षं हे डिझाईन घराघरात होतं आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही मला विचारलंत कुठे?" काकू म्हणाल्या. "तूरडाळीला विचारलंत."

मी वेणीत तोंड लपवून हसले. काकूंच्याही तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

सातव्या नमुन्यासाठी काकांनी गणपतीच्या पूजेला नेसायचं स्वतःचं धोतर काढलं. वीस वर्षांच्या धुण्यानं ते लोण्यासारखं मऊ झालं होतं. दुकानातलं कुठलंही कापड त्याच्या पासंगाला पुरलं नसतं. काकू म्हणाल्या, धोतर कापू नका, पूजेचं आहे. काकांनी ऐकलं नाही. बाह्या ठेवल्या नाहीत, म्हणजे हात वर न्यायला नको. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या, म्हणजे आत अंगाला एकही शिवण लागायला नको. उलटं घातल्यासारखं दिसतंय, अशी काकूंनी तक्रार केली. काकूंनी तक्रार केली याचा मला एवढा आनंद झाला की मी खाली जाऊन साखरेचा शिरा केला.

पण पहिली गाठ मारली तेव्हा ती बरोबर जखमेच्या खालच्या टोकाशी आली. तिथे ऑपरेशननंतरच्या नळ्यांची भोकं नुकती कुठे मिटत होती. काकू म्हणाल्या, बरं आहे. काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चोळी मागून घेतली आणि म्हणाले, "दोन दिवस दे. टेस्टिंगला."

डाळ तर मी केव्हाच डब्यात परत भरली होती. आता टेस्टिंग कशाचं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण परीक्षा तोंडावर होती, मी विसरले.

शुक्रवारी संध्याकाळी काका ऑफिसातून आले ते थेट तळघरात उतरले. थोड्या वेळानं मी कपड्यांची टोपली घेऊन खाली गेले. दिवा चालू होता. काका मशीनजवळ उभे होते. ऑफिसचा शर्ट काढून ठेवलेला. टाय तसाच. आणि टायच्या खाली, सत्तावन्न वर्षांच्या त्या सोवळ्या माणसाच्या अंगावर, गाठीची चोळी.

मी हसले. खोटं कशाला सांगू, टोपली खाली ठेवून हसले. काकांनी पाठ फिरवली, गाठ सोडली आणि चोळी काढली. मग ते वळले आणि माझं हसू थांबलं.

त्यांच्या छातीवर, काकूंच्या टाक्यांच्याच जागी, गळ्याच्या खळगीपासून खाली पोटापर्यंत, एक सुतळी होती. खोकी बांधायची साधी सुतळी, पॅकिंगच्या टेपनं चिकटवलेली. ते ती सोलून काढत होते. टेपबरोबर केस येत होते आणि कातडीही. सुतळीखाली लालभडक रेघ होती, दोन ठिकाणी सालपटं निघालेली. जुन्या टेपचे डाग शेजारी शेजारी होते. ही पहिली वेळ नव्हती.

"सगळे नमुने?" मी विचारलं.

"दुसऱ्यापासून. आठ तास ऑफिसात घालायचं, मग द्यायचं. तपासल्याशिवाय माल बाहेर कसा पाठवायचा?" मग जरा थांबून म्हणाले, "प्लास्टिकची दोरीही करून बघितली. पण सुतळी बरोबर बोचते."

चोळीची गाठ आता उजवीकडे, बरगडीच्या खाली सरकली होती. मध्ये काहीच येत नव्हतं. हे त्यांनी त्या दिवशी ऑफिसात, मीटिंगमध्ये बसून शोधून काढलं होतं.

मी म्हटलं, "काका, काकूंनाच सरळ विचारायचं ना, कुठे दुखतं म्हणून."

"रोज विचारतो," ते म्हणाले. "ती म्हणते बरं आहे. अठ्ठावीस वर्षं तेच ऐकतोय. खोक्याला विचारता येत नाही, म्हणून आम्ही ते वरून खाली टाकतो आणि उघडून बघतो काय फुटलंय. तिला कसं टाकून बघू?" त्यांनी शर्ट घातला आणि वरपर्यंत बटणं लावली. "फार भीती वाटते गं मला. ती टिकटिक ऐकू येईनाशी झाली की वाटतं, थांबली की काय. मग कळतं, बाहेरून बस गेली." जाताना त्यांनी मला बजावलं की हिला यातलं काही सांगायचं नाही. मी कबूल केलं. त्या माणसाचं मी किती वेळा हसं केलं होतं ते सगळं मला तिथे टोपलीशेजारी आठवलं आणि लाज वाटली.

शनिवारी काकूंनी सातवा नमुना घातला. कोपरं अंगाशी ठेवून, स्वतःच्या हातांनी, स्वतः गाठ मारली. त्यावर काकांचा जुना सैल सुती शर्ट, पुढून बटणांचा, आणि त्यावर साडी. निऱ्या मी करून दिल्या. पदर घेतल्यावर शर्ट दिसतसुद्धा नव्हता. काकूंनी आरशात पाहिलं, खांदे दोनदा खालीवर करून पाहिले, आणि म्हणाल्या, "पिशवी कुठेय?"

डेव्हनवर जायला आम्हाला दहाऐवजी पस्तीस मिनिटं लागली. काकू पुढे, मी शेजारी, काका दोन पावलं मागे ढकलगाडी घेऊन. दर कोपऱ्यावर बाक दिसला की काका सुचवत बसूया, आणि काकू न बसता पुढे जात. मनूभाईंनी त्यांना दारात पाहिलं आणि काउंटरवरचं गिऱ्हाईक तसंच सोडून आतली टोपली आणायला गेले. काकूंनी एक भेंडी उचलली. टोक मोडलं. मोडल्याचा आवाज झाला. मला रडू आलं म्हणून मी मसाल्यांच्या रांगेत निघून गेले.

निघताना काकांनी गव्हाच्या पिठाची पोतडी उचलली. वीस पौंडांची. सवयीप्रमाणे भार अंगाजवळ घ्यायचा म्हणून त्यांनी ती छातीशी कवटाळली, आणि त्यांचा चेहरा क्षणभर कळवळला. लगेच त्यांनी तो नीट केला. मी पाहिलं. काकूंनीही पाहिलं. चांगली भेंडी वाईट भेंडीपासून निवडणाऱ्या नजरेपुढे काय लपणार? त्यांनी भेंडीची पिशवी ढकलगाडीत ठेवली आणि घराच्या दिशेनं चालू लागल्या.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात भेंडी पुसायला घेतली. काकू खुर्चीत टेकल्या, दोन मिनिटं दम खाल्ला आणि म्हणाल्या, "अहो, इकडे या. शर्ट काढा."

काका म्हणाले, मेधा आहे.

"तिनं पाठ फिरवलीय. काढा."

मी खरंच पाठ फिरवली. मागे एकेक बटण सुटल्याचं ऐकू आलं. त्यानंतर फक्त टिकटिक. मग खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण उघडलं.

"दुखतं का?" काकूंनी विचारलं.

"बरं आहे," काका म्हणाले.

"ते माझं वाक्य आहे. आयुष्यभर तुम्हाला तेवढंच सांगत आले मी. खरं सांगा."

मी एकच भेंडी किती वेळ पुसत होते कोण जाणे.

"दुखतं," काका म्हणाले. "आग होते."

"मलाही," काकू म्हणाल्या. "इथे. आणि इथे. झोपताना डाव्या अंगाला फार. आणि ऑपरेशनला नेलं ना, तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही परत दिसत नाही."

थोड्या वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चहा टाकायला म्हणून मी वळले तेव्हा काका उघड्या अंगानं जमिनीवर बसले होते. काकूंचा तेलाचा हात तसाच, त्यांचं बोट काकांच्या छातीवरच्या लाल रेघेवर टेकलेलं, आणि शेजारी आलेखाची वही उघडी. काकू सांगत होत्या कुठे कुठे दुखतं, आणि काका खाली मान घालून एकेक लिहून घेत होते. लिहिलेलं त्यांना नीट दिसत नव्हतं. चष्मा काढून ते डोळे पुसत होते आणि पुन्हा विचारत होते, "आणखी कुठे?"